जळालेला रेझिस्टर आणि 'तात्कालिक कारण'

मंडळी, इतिहासाच्या बाईंनी मोटारीच्या हीटरवर लिहावं, हे आमच्या नातेवाईक वाचकांपैकी काहींना गमतीचं वाटेल. वाटू द्या. वर्गात इतकी वर्षं मी 'कारणे लिहा' हा प्रश्न मुलांना घातला. त्या प्रश्नाचं सगळ्यात चोख उदाहरण मात्र पाठ्यपुस्तकात नाही, तर एका गाडीच्या डॅशबोर्डखाली, पायाशी वाकून बघावं लागतं अशा जागी मिळालं. ते सांगायचं म्हणून हा लेख. पण आधी थोडा इतिहास. त्याशिवाय मला चैन पडत नाही, हे तुम्हांला ठाऊक आहेच.

आपल्याकडे गाडीत हीटर असतो याची आठवण फार तर डिसेंबरात महाबळेश्वरला गेल्यावर होते. तापमानाच्या बटणाची निळी बाजू झिजते, लाल बाजू कोरी करकरीत राहते. थंड देशांत उलट. तिथे हीटर ही चैन नव्हे. तो बंद पडला तर माणूस गारठतो हे खरंच, पण त्याहून वाईट म्हणजे समोरची काच आतून धुरकट होते, तिच्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो आणि रस्ता दिसेनासा होतो.

गाडीचा हीटर कोणी शोधला असं विचारलं, की हल्ली एक उत्तर सगळीकडे मिळतं : शिकागोच्या मार्गारेट विल्कॉक्स या बाईंनी, १८९३ साली. पेटंट खरं आहे. २८ नोव्हेंबर १८९३ चं, नाव 'कार हीटर'. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने शब्दाचा त्या काळातला अर्थ पाहावा. १८९३ च्या अमेरिकेत 'कार' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रेल्वेचा डबा किंवा ट्राम येई. ड्युरिया बंधूंनी आपली पहिली पेट्रोलगाडी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या रस्त्यावर चालवली तीच मुळी त्या वर्षीच्या सप्टेंबरात. मोटारी रस्त्यावर नव्हत्याच, तर त्यांचा हीटर कुठून?

रेल्वेच्या डब्यांना मात्र हीटरची फार गरज होती. डब्यात कोळशाच्या शेगड्या ठेवत आणि अपघात झाला की त्याच शेगड्या डबा पेटवत. १८ डिसेंबर १८६७ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या अँगोला गावाजवळ पुलावरून डबे खाली गेले, शेगड्या उलटल्या आणि सुमारे पन्नास माणसं दगावली. त्यानंतर अमेरिकेत शेगडीशिवाय डबा गरम कसा ठेवायचा यावर पुष्कळ डोकी चालली. ऊब हवी, पण विस्तव माणसांपासून लांब हवा. गाडीच्या हीटरचा सगळा इतिहास या एका वाक्यात मावतो.

पुढे मोटारी आल्या, त्या उघड्या. हिवाळ्यात लोक केसाळ कातड्याचे कोट घालत, मांडीवर घोंगडी घेत, पायाशी तापवलेली वीट किंवा निखाऱ्यांची लोखंडी पेटी ठेवत. उघड्या गाडीला हीटर लावणं म्हणजे अंगणात शेकोटी करून घर गरम करण्यासारखं. १९१९ साली अमेरिकेत दहांतली जेमतेम एक गाडी बंदिस्त होती, १९२७ पर्यंत शंभरांतल्या पंच्याऐंशी झाल्या. छप्पर आणि काचा आल्यावर ऊब धरून ठेवायला जागा मिळाली. मग इंजिनाच्या धूर काढणाऱ्या तापलेल्या नळीभोवती पत्र्याचं आवरण घालून तिथली हवा आत आणायची युक्ती निघाली. फोर्डच्या मॉडेल-ए गाडीसाठी असे हीटर मिळत. स्वस्त आणि सोपे. पण नळीला चीर गेली तर उबेबरोबर कार्बन मोनॉक्साइडही आत यायचा, आणि त्याला ना रंग ना वास.

म्हणून पाणी आलं. इंजिन थंड ठेवण्यासाठी त्याच्याभोवती पाणी फिरतंच. ते तापलेलं पाणी एका छोट्या रेडिएटरमधून गाडीत फिरवायचं आणि त्यावरून पंख्याने हवा सोडायची. धूर बाहेरच्या बाहेर, ऊब तेवढी आत. १९३८ साली नॅश कंपनीने बाहेरची ताजी हवा गाळून, तापवून आत सोडणारी व्यवस्था आणली. पुढच्याच वर्षी तिला थर्मोस्टॅट जोडून 'वेदर आय' असं नाव दिलं. आजच्या गाड्यांतला हीटर तत्त्वतः तोच आहे.

यात पंख्याचं महत्त्व किती, हे फोक्सवॅगनच्या बीटल गाडीने दाखवून दिलं. तिचं इंजिन हवेने थंड होणारं, म्हणजे गरम पाणी नाहीच. आणि हवा ढकलणारा पंखा इंजिनालाच जोडलेला. इंजिन जोरात फिरलं तर ऊब, सिग्नलला थांबलं की गारठा. थंड मुलखातल्या बीटलवाल्यांच्या हीटरबद्दलच्या तक्रारी प्रसिद्धच आहेत. पंख्याला स्वतःची वेगळी विजेची मोटर हवी, ती यासाठी.

आणि विजेची मोटर हवी तर गाडीत वीज हवी. ती भरवशाने आली कॅडिलॅकच्या १९१२ च्या गाड्यांत, चार्ल्स केटरिंग यांच्या विजेवरच्या स्टार्टरमुळे. हँडल मारण्याचा त्रास वाचावा म्हणून बॅटरी आणि ती भरणारं यंत्र गाडीत बसलं, मग त्याच विजेवर दिवे, भोंगा, वायपर आणि हीटरचा पंखा असे एकेक पाहुणे येऊन बसले. हे केटरिंग तरुणपणी ओहायोतल्या खेड्यात शाळामास्तर होते, हे मी मुद्दाम सांगते. आमच्या व्यवसायाचा अभिमान, दुसरं काय!

मोटरचंही तसंच. तारेतून वीज सोडली की ती लोहचुंबकाभोवती फिरते, हे १८२१ मध्ये दाखवलं मायकेल फॅरडे यांनी. ते लहानपणी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार होते. विजेच्या मोटरचं पेटंट १८३७ मध्ये घेतलं अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या थॉमस डेव्हनपोर्ट या लोहाराने. फिरत्या भागाला वीज पोचवायला सुरुवातीला तांब्याच्या तारांचे कुंचले टेकवत, म्हणून त्यांना 'ब्रश' म्हणतात. ते ठिणग्या उडवत, घासून जात. १८८० च्या दशकात त्यांच्या जागी कार्बनचे तुकडे आले. तुकडे आले तरी नाव ब्रशच राहिलं. आपले मेकॅनिक त्यांना सरळ 'कार्बन' म्हणतात, आणि 'कार्बन गेले' म्हटलं की समजायचं ते घासून संपले. भाषेतही इतिहास असा अडकून राहतो.

आता मुद्द्याकडे येते.

माझा भाचा मिनेसोटात असतो. जानेवारीत तिथे शून्याखाली वीस-पंचवीस अंश ही बातमी नसते. भाचसून इस्पितळात नर्स आहे, रात्रपाळीला स्वतः गाडी चालवत जाते. गाडी पंधरा वर्षांची आणि रात्रंदिवस उघड्यावर उभी. हीटरच्या पंख्याला चार वेग. एका हिवाळ्यात त्यांतले एक, दोन, तीन बंद पडले, फक्त चार चाले. गॅरेजमध्ये एक भाग बदलून दिला, पंखा सुरळीत झाला. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच. आणि मग एका रात्री चारसुद्धा बंद. ती घरी येत असताना काचेवर आतून बर्फ धरायला लागला. एका हाताने प्लास्टिकचं कार्ड घेऊन काच खरवडत, खिडकी उघडी ठेवून, तिने वाटेतले शेवटचे तीन-चार मैल काढले. हे ऐकलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

गॅरेजवाल्याने सांगितलं, मोटरच गेली, आख्खी बदलू. रक्कम काही शे डॉलर. भाच्याने आम्हांला फोन केला तो पैशांसाठी नव्हे. आमच्याकडे हे विज्ञान शिकवायचे, आणि भाच्याला नववीत ओमचा नियम ह्यांनीच शिकवला होता.

"काका, मोटर गेली म्हणतोय. बदलून टाकू का?"

"मोटर गेली हे त्याने मोजलं का अंदाजाने म्हणाला?"

"अंदाजानेच असेल."

"मग थांब. आधी सांग, कुठला वेग केव्हा बंद पडला? क्रमाने सांग."

मी शेजारी बसून ऐकत होते. हा तर माझा प्रश्न! घटना क्रमाने लावा, मग कारणं शोधा. यंत्र दुरुस्त करणारा माणूस आणि इतिहासकार यांची पहिली पायरी एकच असते.

ह्यांनी फोनवर जे समजावलं ते तुमच्यासाठी सोपं करून लिहिते. जुन्या धाटणीच्या गाडीत पंख्याकडे येणारी वीज अशा वाटेने येते : बॅटरी, फ्यूज, रिले, वेगाचं बटण, रेझिस्टर, मोटर आणि शेवटी अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून परत बॅटरीकडे. रेझिस्टर म्हणजे वीज अडवणारी वेटोळी. एक नंबरवर वीज सगळ्या वेटोळ्यांतून जाते म्हणून पंखा हळू फिरतो. दोनवर एक वेटोळं कमी, तीनवर आणखी कमी. आणि चारवर वीज रेझिस्टरला पूर्ण वळसा घालून थेट मोटरकडे जाते. म्हणून फक्त चार चालतो आणि बाकीचे बंद, याचा अर्थ बहुधा एकच : मोटर ठणठणीत आहे, रेझिस्टर जळालाय. चार बंद आणि बाकीचे चालू, तर चारची स्वतःची वाट तपासायची, म्हणजे तिचा रिले, तिचा फ्यूज. सगळेच बंद असतील तर फ्यूजपासून अर्थपर्यंत ओळीने जायचं. डॅशबोर्डवर थाप मारली की फिरतो आणि पुन्हा थांबतो, तर कार्बन घासलेत. किरकिरतो, तर बुश कोरडा किंवा पात्यांत काहीतरी अडकलंय. आणि पंखा छान फिरतोय पण हवाच गार येते, तर पंख्याला हात लावू नका. तो दोष कूलंटचा, थर्मोस्टॅटचा किंवा छोट्या रेडिएटरचा. नव्या गाड्यांत रेझिस्टरच्या जागी इलेक्ट्रॉनिक मोड्यूल असतं, तिथे खुणा थोड्या वेगळ्या, पण वाट तीच.

लक्षणावरून रोग ओळखणारे वैद्य पूर्वी असत ना, तसं हे. फक्त नाडीऐवजी बटण बघायचं.

पण नुसत्या लक्षणावर विसंबून चालत नाही, मोजायला लागतं. आणि इथे नवशिका माणूस हमखास फसतो. मोटरचा प्लग काढून मीटर लावला तर बारा व्होल्ट दिसतात. मग तो म्हणतो, वीज येतेय, मोटर फिरत नाही, म्हणजे मोटर गेली. नवी आणतो, लावतो, तीही फिरत नाही! का? तर वाटेत एखादा सांधा गंजलेला असतो. वीज वाहत नाही तोवर तो सांधा काहीच अडवत नाही, मीटरला पूर्ण बारा दिसतात. वीज वाहायला लागली की मात्र तोच सांधा व्होल्ट गिळतो. म्हणून प्लग लावलेला ठेवून, बटण चारवर ठेवून, प्लगच्या मागच्या बाजूने मोजायचं.

हिशेब करून बघा. समजा पंख्यातून अठरा अँपिअर वाहतायत आणि खराब सांध्याचा रोध आहे ०.२ ओम. अठरा गुणिले ०.२ म्हणजे ३.६ व्होल्ट वाटेतच गेले. आणि ३.६ गुणिले अठरा म्हणजे जवळजवळ ६५ वॅट उष्णता त्या शेंगदाण्याएवढ्या सांध्यात! पूर्वीचा साठचा बल्ब पेटलेला असताना मुठीत धरून बघा म्हणजे कळेल. प्लास्टिक वितळणारच. आणि फ्यूज? तो झोपलेला. कारण सांधा खराब झाला की वाहणारी वीज कमी होते, वाढत नाही. फ्यूज जास्त विजेवर तुटतो, वाईट सांध्यावर नाही. आणि म्हणूनच, फ्यूज वारंवार उडत असेल तर त्याच्या जागी मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा कधीही घालू नये. तो पहारेकऱ्याला अफू देण्याचा प्रकार.

हा हिशेब ज्यांनी शिकवला त्यांच्याबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. गेऑर्ग ओम हे कुलूपं करणाऱ्या कारागिराचे चिरंजीव, जन्म १७८९. जर्मनीतल्या कलोन शहरात ते शाळामास्तर होते. शाळेच्या प्रयोगशाळेतच त्यांनी विजेचा अभ्यास केला. त्या काळच्या बॅटऱ्यांचा जोर सारखा कमीजास्त व्हायचा, त्यामुळे मोजणी जुळेना. मग १८२६ मध्ये त्यांनी बॅटरी बाजूला ठेवली आणि दोन धातूंच्या सांध्यातून वीज घेतली. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दोहोंतल्या तापमानाचा फरक पक्का, म्हणून विजेचा जोरही पक्का. मग सारख्या जाडीच्या पण वेगवेगळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा एकामागून एक जोडून त्यांनी मोजमाप केलं. त्यातून निघाला तो ओमचा नियम. बर्फ आणि उकळतं पाणी यांच्यामध्ये सापडलेला नियम मिनेसोटाच्या बर्फात गरम हवेचा पंखा दुरुस्त करायला उपयोगी पडावा, हा योग मला फार आवडला.

१८२७ साली त्यांचं पुस्तक बर्लिनला निघालं. स्वागत थंड झालं. विद्यापीठात जागा मिळण्याची आशा होती, ती मिळाली नाही, आणि त्यांनी शाळेची नोकरीही सोडली. पुढची काही वर्षं मिळेल ते शिकवून काढली. मान मिळाला तो परदेशातून : १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ली पदक दिलं. म्युनिकला भौतिकशास्त्राचं अध्यासन मिळालं तेव्हा १८५२ साल उजाडलं होतं, आणि १८५४ मध्ये ते गेले. १८८१ च्या पॅरिसच्या वीज परिषदेने रोधाच्या एककाला जगभरासाठी 'ओम' नाव ठरवलं, हे पाहायला ते नव्हते. १९२३ मध्ये इंग्लंडमध्ये पोस्टखात्यातल्या डोनाल्ड मॅकॅडी या इंजिनिअरने तिन्ही मोजमापं एका पेटीत आणणारा 'अ‍ॅव्हो' मीटर बाजारात आणला. अँपिअर, व्होल्ट, ओम या तिघांची आद्याक्षरं म्हणजे अ‍ॅव्हो. त्याचेच वंशज आज हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.

आता पुन्हा भाच्याकडे.

त्याने मोजलं. फ्यूज ठीक. प्लगपर्यंत वीज येत होती, पण पंखा चालू करायला गेलं की तीनपेक्षा जास्त व्होल्ट गायब. प्लग उघडला तर एक पिन तपकिरी, भोवतीचं प्लास्टिक वितळलेलं. शेजारी रेझिस्टर, जळालेला. भाचा खूश झाला. "काका, मिळालं कारण! प्लग आणि रेझिस्टर बदलतो."

हे काही बोलायच्या आत मी फोन घेतला. "अरे, हे तात्कालिक कारण झालं. मूळ कारण कुठाय?"

आमच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न झोपेतही येईल. १८५७ चा उठाव का झाला? काडतुसांमुळे, एवढंच लिहिलं तर मी अर्धे गुण देई. काडतुसं ही ठिणगी. दारूगोळा आधीची कित्येक वर्षं साठत होता : खालसा केलेली संस्थानं, जमिनीचे हक्क, शिपायांचा असंतोष. पहिल्या महायुद्धाचं कारण साराजेव्होचा खून, असं लिहिणाऱ्यालाही अर्धेच. ठिणगी खोटी नसते. पण ठिणगीवर थांबलं तर पुढची आग कळत नाही. भाच्याकडे आदल्या हिवाळ्यात रेझिस्टर बदललाच होता की! तो पुन्हा का जळला, हा खरा प्रश्न.

मग ह्यांनी उरलेलं समजावलं. रेझिस्टर वीज अडवतो म्हणजे तापतो. एक नंबरवर त्याने समजा सात व्होल्ट अडवले आणि सहा अँपिअर वाहिले, तर ४२ वॅट उष्णता. ती काढून टाकायला त्याला पंख्याच्याच वाऱ्यात बसवलेलं असतं. पंखा त्याला थंड ठेवतो, तो पंख्याला आवरून धरतो, असा संसार. वारा अडला की रेझिस्टर भाजतो. आणि पंखा जड फिरायला लागला की मोटर जास्त वीज खेचते, त्याने रेझिस्टर आणि प्लग दोन्ही तापतात. तेव्हा रेझिस्टर बदलण्याआधी पंखा बाहेर काढून बघ, असं ह्यांनी बजावलं.

बॅटरीची तार सोडवून भाच्याने पायाशी वाकून तीन स्क्रू काढले आणि पंखा खाली घेतला. आत उंदरांचं घर! वाळकी पानं, सीटचा कापूस, कागदाच्या चिंध्या. काचेखालच्या हवेच्या जाळीतून पानं येत होती आणि उंदीरही. पंख्याच्या पिंजऱ्यात हे सगळं दाबून बसलेलं, बोटाने फिरवला तर घासत होता. उघड्यावर उभी राहणारी गाडी, जवळ झाडं, पानगळीनंतर येणारी थंडी आणि उबेला जागा शोधणारे उंदीर. हे मूळ कारण. ते दोन हिवाळे साठत होतं.

भाच्याने मास्क आणि हातमोजे घालून, जंतुनाशकाने ओलं करून घरटं काढलं. उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडू नयेत, त्यांतून रोग पसरतात, हे भाचसुनेने बजावलं होतं. पंखा साफ केल्यावर बोटाच्या टिचकीने फिरायला लागला. नवा प्लग आणि नवा रेझिस्टर घातला. वीज मोजायला शेजाऱ्याकडून चिमट्याचा मीटर आणला. साध्या मीटरची मर्यादा सहसा दहा अँपिअरची, तो मध्ये जोडला तर त्याचाच फ्यूज उडतो. चार नंबरवर सोळा अँपिअर भरले, फ्यूज तिसाचा. म्हणजे मोटर निरोगी. जी मोटर 'गेली' होती ती जागची हललीही नाही. शेवटी हवेच्या जाळीखाली बारीक तारेची जाळी बसवली. माझ्या मते खरी दुरुस्ती ती.

त्या गॅरेजवाल्याला मी लबाड म्हणणार नाही. भाग बदलला की त्याचं काम अर्ध्या तासात होतं, कारण शोधण्याच्या तासाचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसतं. आपण सगळेच 'काय झालं' याचे पैसे देतो, 'का झालं' याचे देत नाही. पण त्या 'का'ची किंमत कोणी तरी मोजतंच. इथे ती रात्रपाळीहून येणारी मुलगी काच खरवडत मोजत होती. अमेरिकेच्या मोटार सुरक्षा नियमांत काचेवरचा बर्फ आणि बाष्प हटवण्याच्या सोयीसाठी १०३ क्रमांकाचा स्वतंत्र नियम आहे, १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून. पण तो गाडी बनवणाऱ्यासाठी. जुन्या गाडीतला सांधा कोणी तपासायचा, ते घरच्यांनीच बघायचं.

तुम्ही म्हणाल, आम्हांला याचा काय उपयोग? आमच्या सातारा-सांगलीच्या गाडीला हीटर कशाला? तर मंडळी, हीटरचा पंखा आणि एसीचा पंखा एकच असतो. मे महिन्यात एसी फक्त चारवरच चालतो अशी तक्रार तुम्ही केली असेल, तर हाच रेझिस्टर. आपल्याकडे उंदरांच्या जोडीला धूळ असते, फिल्टर चिखलाच्या पापडासारखा झालेला असतो आणि वारा तिथेच अडतो. आणि जुलैत आंबोली किंवा माळशेज घाटात काच आतून धुरकटली की हाच पंखा काच कोरडी करतो. तो बंद असेल तर एक हात स्टिअरिंगवर आणि दुसऱ्या हातात फडकं, समोर धुकं आणि बाजूला दरी. तेव्हा गाडी गॅरेजला टाकाल त्या वेळी एवढं करा : कुठला वेग केव्हा बंद पडला ते कागदावर क्रमाने लिहून न्या, मोजलंत का असं विचारा, आणि जळालेला भाग हातात दिला की विचारा, हा का जळला?

२०२७ साली ओम मास्तरांच्या त्या पुस्तकाला दोनशे वर्षं होतात. माझ्या विद्यार्थ्यांपैकी जे हे वाचत असतील त्यांना सांगते, त्या निमित्ताने पुतळा-बितळा नको. घरातला मीटर काढा, एखादा सांधा मोजा. आणि उत्तरपत्रिकेत तात्कालिक कारणावर थांबू नका, अर्धेच गुण मिळतील.

असो. लांबलंच जरा. ह्यांना चहा हवाय.